काळा कोट दाखव, पण खिशासकट

या वेळचं पत्र थोडक्यात. लिहिणारी ३१ वर्षांची, पुण्यात एका लॉ फर्ममध्ये नोकरीला, काम बहुतेक जमिनींचे टायटल सर्च (मालकी कुणाची ते तपासणं) आणि कंपन्यांची अ‍ॅग्रीमेंट. गेली दोनेक वर्षं ती शनिवारी पर्वती पायथ्याजवळच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांना शिकवायला जाते. मुलं आसपासच्या वस्तीतली, घरी कुणी धुणंभांडी करतं, कुणी रंगकाम, कुणी रिक्षा चालवतं. आता तिथे ‘वकिलीतलं करिअर’ असा वर्षभराचा कार्यक्रम करायचं तिच्या मनात आहे: नामवंत वकिलांची भाषणं, गाजलेल्या खटल्यांच्या गोष्टी, शेवटी अभिरूप न्यायालयाची (मुलांनीच लुटुपुटूचा खटला लढवायची) स्पर्धा आणि ट्रॉफी. फर्ममधले सिनियर म्हणाले, “इंग्रजी नाही, ओळखी नाहीत, घरी पैसा नाही, पहिली पाच वर्षं त्यांना पोसणार कोण? उगाच स्वप्नं दाखवून पोरांना तोंडघशी पाडशील.” ते तिने मनावर घेतलं नाही. पण मग दहावीतल्या एका हुशार मुलीची आई शाळेत येऊन सांगून गेली, “मॅडम, तिचं नर्सिंगचं ठरलंय. भावापायी आम्ही कोर्टाची पायरी चढलोय, आता पोरीच्या डोक्यात ते नका भरवू.” तेव्हापासून ही अडकलीय. विचारते, ताई, मी थांबू का?

थांबू नकोस, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. (पत्रात तूच ‘मला अहोजाहो करू नका’ लिहिलंयस म्हणून सरळ तू म्हणतेय.) पण कार्यक्रमाचा जो आराखडा आहे ना तुझा, तो मात्र बदलावा असं मला वाटतं, कारण त्यात सगळं आहे आणि पैसे नाहीत. वकिलाला पहिल्या वर्षी किती मिळतात, ते कोण देतं, घर चालेल एवढे मिळायला किती वर्षं जातात, यातलं काहीच तुझ्या एकाही शनिवारी नाहीये. तुझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी मात्र पहिला प्रश्न हाच असतो, आणि ते सिनियर काय किंवा ती आई काय, दोघं तुला आपापल्या भाषेत तेच विचारतायत. तू सिनियरवर चिडलीस आणि आईसमोर गप्प बसलीस, उत्तर कुणालाच दिलं नाहीस.

आधी सिनियरचं बघू. इंग्रजीचं त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं, राज्यघटनेच्या कलम ३४८ मध्येच तसं आहे, आणि तुमची अ‍ॅग्रीमेंटही इंग्रजीत, त्यामुळे तुमच्या ऑफिसच्या खिडकीतून बघितलं की वकिली म्हणजे इंग्रजी असंच दिसणार. पण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात एक दिवस नुसती जाऊन बस. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, साक्षीदार मराठीत बोलतो, उलटतपास मराठीत होतो, आणि आत काय झालं ते पक्षकाराला बाहेर व्हरांड्यात मराठीतच समजावून सांगावं लागतं, जे भल्याभल्यांना जमत नाही. वस्तीतली पोरं हे काम कॉन्व्हेंटवाल्यांपेक्षा बरं करतील असं मला मनापासून वाटतं.

प्रवेश परीक्षेचंही तसंच. कोचिंगवाले ज्या क्लॅटचा गाजावाजा करतात ती फक्त इंग्रजीत असते, चुकलं की मार्क कापतात, फॉर्मची फीच काही हजारांत जाते. ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी, आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत तशी. एखाद्या मुलाला तिकडेच जायचं असेल तर जरूर जाऊ दे, त्यासाठी आयडिया नावाची संस्था आहे, शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये सुरू केलेली, ती गरीब घरातल्या मुलांची क्लॅटची तयारी करून घेते आणि पुढेही सोबत राहते. पण बहुतेकांसाठी रस्ता वेगळाय, राज्याची एमएच-सीईटी लॉ. ती मराठीतूनही देता येते, निगेटिव्ह मार्किंग नाही, बारावीला आर्ट्स-कॉमर्स-सायन्स काहीही चालतं आणि ४५ टक्के पुरतात, अनुसूचित जाती-जमातींना ४०. लॉ कॉलेज रोडवरच्या ज्या आयएलएस लॉ कॉलेजमधून गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश शिकून गेले, तिथला प्रवेशही याच परीक्षेवर होतो. हे तुझ्या वर्गातल्या किती मुलांना माहितीये, विचारून बघ.

बाकी अर्धं इंग्रजी लागतंच, त्यात मुलांना फसवू नकोस. निकाल वाचायचे, कायद्याची पुस्तकं वाचायची म्हणजे वाचण्यापुरतं इंग्रजी आलंच पाहिजे. त्यासाठी वेगळा स्पोकन इंग्लिशचा क्लास नको. सुप्रीम कोर्ट आपल्या बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं वेबसाइटवर टाकतं, एक निकाल घे, इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी ठेव, शनिवारी एकच परिच्छेद. संविधानाचीही द्विभाषी आवृत्ती मिळते. नववीपासून हे केलं तर बारावीपर्यंत पोरं घाबरायची बंद होतील, आणि भाषांतर चुकलंय म्हणून तुझ्याशी वाद घालायला लागली की समज गाडी रुळावर आहे.

ओळखीचं काय, तर ओळख म्हणजे तूच की. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता पैसे. सिनियर जे म्हणाले ते खरंच आहे आणि ते मुलांना, त्यांच्या पालकांना, आकड्यांसकट सांगायला हवं. लॉ झाल्यावर सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, घ्यायची. तिचे पूर्वी हजारोंनी पैसे घ्यायचे, पण सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढेच घ्या, म्हणजे साधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. म्हणजे दार स्वस्त झालं. आतलं मात्र कठीणच आहे. ज्युनियरला, म्हणजे सिनियरच्या हाताखाली काम शिकणाऱ्या नव्या वकिलाला, शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांचे नियम ठरवणारी संस्था) ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं, सुचवलं म्हणतेय मी, सक्ती नाही, आणि प्रत्यक्षात ज्युनियरच्या हातात काय पडतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. न्यायाधीश व्हायचं असेल तरी मे २०२५ पासून सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणलीये, त्यामुळे परीक्षा देऊन थेट खुर्ची हा रस्ताही बंद. गरीब घरातल्या पोरीने ही तीन वर्षं काढायची कशी, हा प्रश्न त्या निकालाने आणखी अवघड केला असं माझं मत.

फक्त एक गंमत बघ, ज्युनियरला पैसे मिळत नाहीत हे तुला कोण सांगतंय, तर ज्यांनी ते द्यायचे तेच सांगतायत. मग पुढच्या वेळी सिनियर तसं म्हणाले की भांडू नकोस, शांतपणे विचार, “सर, आपण किती देतो? या शाळेतलं एक पोर आणखी सात-आठ वर्षांनी आलं तर त्याला बार कौन्सिल म्हणतंय तेवढे देऊ का?” हो म्हणाले तर तुझ्या अख्ख्या कार्यक्रमात नसेल एवढी मोठी गोष्ट झाली. नाही म्हणाले तर निदान मुलांना काय सांगायचं ते कळलं.

आणि नामवंतांची भाषणं कमी कर, खरंच. त्यांना अडचणी विचारल्या की ते तीस वर्षांपूर्वीच्या सांगतात आणि पोरं टाळ्या वाजवतात. त्यापेक्षा सनद घेऊन दोन-तीन वर्षं झालेला कुणीतरी आण, घरातला पहिलाच वकील, आणि मुलांना सांग की काहीही विचारा. ती पगार विचारतील. विचारू दे. पुण्याचीच मोठी गोष्ट सांगायची असेल तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजची सांग. आपल्याकडच्या पहिल्या महिला वकिलांपैकी कॉर्नेलिया सोराबजी तिथे शिकली, पहिली आली, आणि पहिल्या येणाऱ्या मुलाला विलायतेला जायची जी सरकारी स्कॉलरशिप मिळायची ती हिला बाई म्हणून नाकारली. मग लोकांनी वर्गणी काढली तेव्हा ती ऑक्सफर्डला पोचली, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, आणि बाईला वकिली करायची परवानगी भारतात आली १९२३ साली. ही गोष्ट सगळे जिद्दीची म्हणून सांगतात. तू ती वर्गणीची म्हणून सांग. हुशारी तिच्याकडे होतीच, अडलं होतं ते प्रवासखर्चावर आणि फीवर, आणि ते कुणीतरी दिलं.

आता ती आई. तिचा हिशोब मला अजिबात चुकीचा वाटत नाही. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आणि संपलं की पगार. तुझी वकिली बारावीनंतर पाच वर्षं आणि वर ज्युनियरशिप. धुण्याभांड्याच्या पैशावर घर चालवणाऱ्या बाईने यातलं पहिलं निवडलं तर ती अडाणी नाही, ती तुझ्यापेक्षा नीट गणित करतेय. तू तिच्याकडे मुलीचं ‘टॅलेंट’ वाया जातंय असं सांगायला जाणार असशील तर जाऊच नकोस.

पण तिला एक गोष्ट माहिती नसणार, की नर्सिंग आणि लॉ यातलं एकच निवडायचं असं काही नाहीये. कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं, आणि बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी आहे. जीएनएम डिप्लोमा आहे, तो चालत नाही. एवढा एक फरक त्या घरात आज कळला तर मुलगी आधी नोकरीला लागून, चार पैसे गाठीला बांधून, पंचविशी-सव्विशीत लॉला येऊ शकते. हॉस्पिटलात एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या पेशंटचे, कागद कसे तयार होतात, कुठे गडबड होते हे माहिती असलेली वकील कुणाला नकोय? त्यासाठी अकरावीला सायन्स लागेल, आणि सायन्सचा खर्च आणि अभ्यास झेपणार का हे घरच्यांनी बघावं, लॉसाठी मात्र सायन्सची गरज नाही. अशी मांडणी करून आईला सांग आणि निर्णय त्यांच्यावर सोड. मुलगी नर्सच झाली तर तुझा कार्यक्रम फसला असं मोजू नकोस. करिअर बघायला न्यायचं म्हणजे ‘हे मला नको’ म्हणून परत यायचीही मुभा पाहिजे.

आणि तिच्या कोर्टाच्या पायरीबद्दल. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण गमतीत म्हणतो, या घरांमध्ये ते भोगून झालेलं असतं. तुझ्या पत्रात मला एकच गोष्ट खटकली, ‘या मुलांना कायद्याची काहीच पार्श्वभूमी नाही’ हे वाक्य. अगं, त्यांना तुझ्याइतकी नसली तरी भरपूर आहे. झोपडीचा पुरावा, रेशनकार्डावरचं नाव, पोलीस चौकीत कसं बोलायचं, तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणं, जामीनदार कुठून आणायचा, हे त्यांनी घरात ऐकलेलंय. कायद्याची खालची बाजू त्यांना माहितीये, तुला वरची. तिथून सुरू केलंस तर गाजलेल्या खटल्यांची गरजही पडणार नाही. फक्त वर्गात ‘कुणाच्या घरी केस चालू आहे, हात वर करा’ असलं काही कधीही करू नकोस. सांगायचं असेल तो पोरगा वर्ग संपल्यावर घुटमळतो, तेव्हा ऐक.

एखाद्या घरची केस तुझ्यापर्यंत आलीच तर स्वतः त्यात पडू नकोस, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइनचा नंबर १५१०० आहे, तो फळ्यावर लिहून ठेव. त्या आईला हे तेव्हा कुणी सांगितलं होतं का, मला शंकाच आहे.

याच प्राधिकरणाकडे कोर्ट बघायच्या परवानगीसाठी जा, शाळेच्या लेटरहेडवर पत्र घेऊन. शाळांमध्ये कायद्याच्या माहितीची शिबिरं घेणं हे त्यांचं कामच आहे, त्यामुळे दार ठोठावायला लाजू नकोस. मे महिन्यात आणि दिवाळीत सुट्ट्या असतात, ते दिवस सोड. सगळा वर्ग एकदम नेऊ नकोस, आठ-दहा मुलं पुरे, मेट्रोचं जिल्हा न्यायालय स्टेशन अगदी कोर्टाजवळच आहे. बंद दाराआड चालणारी प्रकरणं सोडली तर कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, कसा लागतो, पुकारा कसा होतो, वकील नसला की काय होतं, पाच मिनिटांत तारीख पडून माणूस कसा परत जातो, हे बघू दे. कंटाळू दे. पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी नक्की विचारेल की जजसाहेबांचा हातोडा कुठंय, तेव्हा सांग की आपल्या कोर्टात हातोडा नसतोच, तो फक्त पिक्चरमध्ये.

तिथेच बाकीची माणसंही दाखव. शिरस्तेदार, स्टेनो, बेलीफ, कारकून, नोटरी, टायपिस्ट, सरकारी वकील, विधी सेवेचे पॅरालीगल स्वयंसेवक. कोर्टातली कारकुनी ही सरकारी नोकरी आहे, पदवी आणि मराठी ३०, इंग्रजी ४० चं टायपिंग लागतं. एखादा मुलगा कारकून म्हणून लागला आणि मग लॉकडे वळला तर काय बिघडलं. पण बेलीफ, कारकून होणं म्हणजे वकील होता आलं नाही म्हणून, असा सूर तुझ्या बोलण्यात येता कामा नये, पोरांना तो लगेच ऐकू येतो.

आता ज्या कामाला ट्रॉफी मिळत नाही पण ज्यावर सगळं अडतं ते काम, कागद. सीईटीत मार्क मिळाले, कॉलेज मिळालं, आणि जात पडताळणी नाही म्हणून राखीव जागा गेली, हे दर वर्षी कुठे ना कुठे होतं. जातीचा दाखला वेगळा आणि तो समितीने तपासून खरा ठरवायचा ती पडताळणी वेगळी, हे खूप घरांत माहितीच नसतं. पुरावा पण जुना लागतो, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७. पुण्यातल्या वस्तीतलं कुटुंब मूळचं सोलापूरचं, लातूरचं, बीडचं असतं, म्हणजे गावच्या शाळेतली आजोबांची नोंद किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल शोधत फिरायचं. याला महिनोन् महिने जातात. म्हणून माझी सूचना अशी की नववीतच प्रत्येक मुलाची एक फाइल उघड आणि हीच त्याची पहिली केस समज. अर्ज त्यानेच लिहायचा, कुठल्या नियमाने कुठला पुरावा चालतो ते त्यानेच वाचायचं, पोच त्यानेच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही हे एकदा अंगात मुरलं की निम्मी वकिली आली. जे राखीव गटात नाहीत त्यांनी उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला काढायचा. पडताळणीचा अर्ज मग अकरावी-बारावीत.

याच धर्तीवर एक माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपये फी, उत्तर द्यायला ३० दिवस. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाची सफाई कंत्राटात दिवसातून किती वेळा लिहिलीये, एवढंच विचारा. ड्राफ्टिंग मुलांचं, सही तुझी. अभिरूप न्यायालयापेक्षा यात जास्त शिकतील असं मला वाटतं, पण ते स्पर्धेचं तुझं एवढं मनात आहे तर कर, मी कोण अडवणारी.

फीबद्दल पालकांना सांगताना ‘स्कॉलरशिप मिळते’ एवढंच मोघम सांगू नकोस, त्याने कुणाचं समाधान होत नाही. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटके यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरची) शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर असते. ८ जुलै २०२४ च्या जीआरने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीये. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की हे सगळं गेलं. अनुदानित कॉलेजची फी विनाअनुदानितच्या मानाने बरीच कमी असते, त्यामुळे चकचकीत बिल्डिंग बघून यादी भरायची नाही. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना तेही बघ, पैसे तिथेच अडकतात.

आणखी एक, हे खास शिक्षकांसाठी पण लिहितेय. बारावीत अडकलेल्या पोरांना कुणीतरी सल्ला देतं की पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठातून पदवी कर. बाकी ठिकाणी ती पदवी उपयोगी पडेल, पण दहावी-बारावी रीतसर न करता थेट घेतलेली पदवी बार कौन्सिलच्या नियमांत लॉच्या प्रवेशाला चालत नाही. आधी बारावी पास व्हायला लाव, वर्ष गेलं तरी चालेल.

शेवटचा मुद्दा तुझ्या वेळेचा. तुझा कार्यक्रम दहावीला संपतो, आणि मुलं गळतात ती त्यानंतर. अकरावीला वेगवेगळ्या कॉलेजांत पांगतात, मुलींची लग्नाची बोलणी सुरू होतात, मुलं डिलिव्हरीच्या कामाला लागतात आणि हातात रोज पैसे दिसले की पुस्तक मागे पडतं. त्यामुळे दर वर्षी नवीन तीस मुलांचं उद्घाटन करण्यापेक्षा ज्यांना खरंच गोडी लागलीये अशी चार-पाच धर आणि सनद हातात पडेपर्यंत सोडू नकोस. दर शनिवार नको, महिन्यातून एक फोन, सीईटीच्या फॉर्मची फी, जुना पण चालणारा लॅपटॉप, सुट्टीत तुमच्या फर्ममध्ये महिनाभर इंटर्नशिप आणि तिचे पैसे. बिनपैशाची इंटर्नशिप या मुलांना देऊ नकोस, तो महिना ती कुठेतरी कमावणार होती. एकटीने होणार नाही, तुझ्या बॅचच्या दोघी-तिघींना ओढ. ज्यांना वकिलीतलं काही कळत नाही पण मदत करायचीये अशा वाचकांनीही हेच करावं, एका मुलाची फाइल सांभाळायला लॉची डिग्री लागत नाही.

आईला भेटायला रविवारी दुपारनंतर जा, सकाळची कामं आटोपलेली असतात, आणि आधी फोन करून जा. मुलीसमोरच बोल, तिला बाहेर पाठवू नकोस. नर्सिंग आणि लॉ दोन्हीचे वर्षांचे आणि पैशांचे आकडे एका कागदावर मराठीत लिहून ने आणि तो कागद त्यांच्याकडे ठेवून ये. सीईटीच्या तारखा मात्र त्यावर लिहू नकोस, त्या बदलतात, सीईटी सेलच्या वेबसाइटवर मुलीला स्वतःलाच बघायला शिकव, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफवर कुणी विसंबायचं नाही.